शिस्त आणि साधन : दूर पल्ल्याच्या रायफल-नेमबाजीचा आरंभकाळ (१८५३–१८७४)

'शिस्त' हा शब्द आज मराठीत वर्तनातील नियमबद्धतेसाठी रूढ आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ मात्र नेम असा होता. बंदूक खांद्याला लावून शिस्त धरणे म्हणजे लक्ष्यावर नेम धरणे. शस्त्राच्या वापरातील एका क्रियेचे नाव पुढे माणसाच्या वागण्याचे नाव व्हावे, हा अर्थपालट भाषाभ्यासकाला लक्षणीय वाटतोच. परंतु नेमबाजीच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यालाही त्यातून एक प्रश्न सुचतो. नेम साधण्याचे श्रेय साधनाला किती आणि ते हाताळणाऱ्याला किती? दूर पल्ल्याची रायफल-नेमबाजी नव्याने शिकू पाहणारा मनुष्य पहिल्याने जो प्रश्न विचारतो, 'मी कोणती रायफल घ्यावी?', तो याच मूळ प्रश्नाचे व्यावहारिक रूप होय.

हा प्रश्न ज्या काळात प्रथम गांभीर्याने विचारला गेला, तो काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा. १८५३ मध्ये एन्फिल्ड रायफल ब्रिटिश सैन्यात आली आणि १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयरिश व अमेरिकन संघांचा सामना झाला. या एकवीस वर्षांत दूर पल्ल्याच्या नेमबाजीची साधने, तिचे नियम आणि तिची मोजमापे घडली. प्रस्तुत लेखात या काळातील साधननिवडीचा विचार केला आहे. उपलब्ध आकड्यांवरून असे दिसते की, चांगल्या साधनाचा लाभ निर्विवाद असला तरी त्याला मर्यादा होती. त्या मर्यादेपलीकडे माणसा-माणसांतील फरक हा बंदुका-बंदुकांतील फरकापेक्षा मोठा ठरत होता. या चर्चेला एक राजकीय बाजूही आहे. साधन निवडण्याची मुभा सर्वांना सारखी नव्हती, आणि भारताचा या इतिहासाशी असलेला संबंध मुख्यतः त्या विषमतेतून येतो.

एन्फिल्ड : सर्वांची रायफल

गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुकीतून सुटलेली गोळी शंभर यार्डांपलीकडे कोठे जाईल याचा भरवसा नसे. नळीच्या आत पिळाचे आटे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरत जाते व तिची दिशा स्थिर राहते, हे युरोपातील कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण होती ती भरण्याची. ठासणीच्या बंदुकीत गोळी नळीच्या तोंडातून गजाने खाली ठासावी लागे. ती आट्यांत घट्ट बसणारी असेल तर ठासायला वेळ लागे, सैल असेल तर आट्यांचा उपयोग होत नसे. मिनिए पद्धतीच्या गोळीने ही अडचण दूर केली. शिशाची ही लांबट गोळी भरताना सैल असे. दारू पेटली की तिचा पोकळ बूड फुगून आट्यांत बसे.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड या तत्त्वावर चाले. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, लांबी ३९ इंच. आत तीन आटे, आणि त्यांचा पिळ ७८ इंचांत एक पूर्ण फेरा घेणारा. गोळी सुमारे ५३० ग्रेन वजनाची, दारू ७० ग्रेन. सामान्य शिपायाच्या हाती कित्येकशे यार्डांवर नेम साधणारे शस्त्र प्रथमच आले. त्याच वर्षी केंट परगण्यातील हाइथ येथे नेमबाजीच्या शिक्षणाची शाळा सुरू झाली. तेथील अभ्यासक्रमाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. शिकाऊ शिपायाला आधी बंदुकीचे भाग व स्वच्छता, मग दारूगोळ्याशिवाय नेम धरण्याचा सराव, शरीराची ठेवण आणि अंतराचा अंदाज हे शिकवीत. प्रत्यक्ष गोळी त्यानंतर.

अंतराच्या अंदाजाला एवढे महत्त्व का, हे गोळीच्या मार्गावरून कळते. त्या काळातील जड व मंद गोळीला हजार यार्ड जाण्यास तीन सेकंदांच्या आसपास वेळ लागे. तेवढ्या वेळात ती जमिनीकडे खूपच खाली येते. म्हणून नळी बरीच वर उचलावी लागते, आणि अखेरच्या टप्प्यात गोळी तिरकस उतरत येते. अशा स्थितीत अंतर पन्नास यार्डांनी चुकले तर उत्तम रायफलीचीही गोळी लक्ष्याच्या आधी किंवा पलीकडे पडते.

व्हिटवर्थ : मोजमापाची रायफल

मँचेस्टरचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ हे मूळचे बंदूककार नव्हते. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण त्यांनी १८४१ मध्ये मांडले होते, आणि अतिसूक्ष्म मोजमापाची यंत्रे ही त्यांची ख्याती होती. एन्फिल्डच्या निर्मितीत एकसारखेपणा आणण्यासाठी १८५४ मध्ये सरकारने त्यांचे साहाय्य मागितले, तेव्हा त्यांनी आधी रायफलीचे शास्त्र शोधावे लागेल अशी भूमिका घेतली. रशोम येथील आपल्या घराजवळ त्यांनी ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त चाचणीगृह उभारून घेतले. वाऱ्याचा उपद्रव वगळून रायफलीचा निव्वळ दोष मोजणे हा त्यामागील हेतू होता.

या प्रयोगांतून जी रायफल निघाली तिची नळी आतून षट्कोनी होती. गोळीचे वजन व दारूचे प्रमाण त्यांनी एन्फिल्डइतकेच ठेवले. बदलल्या त्या दोन गोष्टी. व्यास ०.५७७ वरून ०.४५१ इंचावर आला आणि पिळ ७८ इंचांऐवजी २० इंचांत एक फेरा घेऊ लागला. वजन तेच ठेवून व्यास कमी केला की गोळी लांब होते. येथे एन्फिल्डच्या गोळीचा हवेला सामोरा येणारा छेद व्हिटवर्थच्या गोळीच्या सुमारे १.६ पट होता. म्हणजे व्हिटवर्थच्या गोळीला हवेचा अडथळा कमी, तिचा वेग अधिक टिकणारा. अशी लांब गोळी उलटीपालटी होऊ नये यासाठी तिला अधिक वेगाने फिरवावे लागते, म्हणून पिळ जवळजवळ चौपट घट्ट केला.

१८५७ मध्ये हाइथ येथे दोन्ही रायफलींची तुलना झाली. गोळ्या मध्यापासून सरासरी किती दूर पडल्या याचे आकडे असे : ५०० यार्डांवर व्हिटवर्थ ०.३७ फूट, एन्फिल्ड २.२४ फूट, ८०० यार्डांवर १.०० व ४.११, ११०० यार्डांवर २.६२ व ८.०४. व्हिटवर्थची श्रेष्ठता त्यात उघड आहे. परंतु आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. ५०० यार्डांवर व्हिटवर्थ सहापट सरस आहे, ८०० वर चौपट, ११०० वर तिप्पट. साधनाचा लाभ कायम राहतो, पण अंतर वाढेल तसा त्याचा पट घटत जातो. दूरच्या अंतरावर वारा, प्रकाश, हवेची घनता अशा गोष्टींचा वाटा वाढत जातो आणि त्या कोणत्याही रायफलीला सोडत नाहीत, असे याचे स्पष्टीकरण करता येईल.

सैन्याने व्हिटवर्थ स्वीकारली नाही. तिची किंमत एन्फिल्डच्या कैक पट होती, आणि अरुंद नळीत काळ्या दारूची काजळी लवकर साठून भरणे कठीण होई. स्पर्धेतील नेमबाज दोन गोळ्यांच्या मध्ये नळी पुसू शके; रणांगणावरील शिपायाला ती सवड नव्हती. 'उत्तम रायफल कोणती' या प्रश्नाला 'कशासाठी' ही पुस्ती जोडल्याशिवाय उत्तर नाही, हे येथे प्रथमच ठळकपणे पुढे आले.

विम्बल्डन : नवख्यांचे मैदान

१८५९ मध्ये फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये स्वयंसेवक दलांची चळवळ उभी राहिली. १२ मे १८५९ च्या सरकारी परिपत्रकाने अशी दले उभारण्यास अनुमती दिली, ती शस्त्रे व साहित्य यांचा खर्च स्वयंसेवकांनीच करावा या अटीवर. अर्थात पहिले स्वयंसेवक बहुतांशी मध्यम व वरच्या वर्गातले होते. सरकारने टप्प्याटप्प्याने रायफली पुरविण्यास आरंभ केल्यावर कारागीर वर्गाचा ओघ वाढला. साधनाची किंमत हीच प्रवेशाची पहिली चाळणी असते, याचे हे स्पष्ट उदाहरण होय.

याच चळवळीतून १८५९ च्या अखेरीस राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली आणि २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर तिची पहिली स्पर्धा भरली. पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीने झाडली. ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर ती लागली. रायफल व्हिटवर्थ होती, लोखंडी बैठकीवर आधीच नेम साधून घट्ट बसविलेली. राणीने केवळ चापाला बांधलेली दोरी ओढली. या प्रसंगाचा उल्लेख बहुधा कौतुकाने होतो. अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे मोल वेगळे आहे : माणूस वगळला असता साधन काय करू शकते, याचे ते जाहीर प्रात्यक्षिक होते. त्यानंतर माळावर उतरलेल्या स्पर्धकांना तीच गोष्ट स्वतःच्या खांद्याने, श्वासाने आणि डोळ्याने साधायची होती.

राणीच्या नावाच्या पारितोषिकाची रचना मोठी विचारपूर्वक होती. प्राथमिक फेरी कमी अंतरांवर साध्या एन्फिल्डने होई. तीत वर आलेल्यांसाठी अंतिम फेरी ८००, ९०० व १००० यार्डांवर व्हिटवर्थने. पहिल्या वर्षीचे विजेते एडवर्ड रॉस होते. सर्वांना मिळू शकणाऱ्या रायफलीने आधी आपली पात्रता सिद्ध करावी आणि मग खास रायफल हाती घ्यावी, असा हा क्रम. महागडे साधन ही येथे प्रवेशाची अट राहिली नाही; ते कौशल्यानंतर येणारी पायरी ठरले.

नियम, वजन आणि साइट

पुढच्या दशकात खास स्पर्धेसाठी घडविलेल्या रायफलींचा वर्ग वेगळा झाला. डब्लिनचे रिग्बी, तसेच उथळ आटे व कठीण केलेली गोळी यांचा पुरस्कार करणारे विल्यम एलिस मेटफर्ड यांनी या वर्गाला आकार दिला. नियमांनी या रायफलींना मर्यादा घातल्या. वजन दहा पौंडांपेक्षा अधिक नको; चाप किमान तीन पौंडांच्या ओढीचा हवा; दुर्बिणीची साइट आणि कृत्रिम टेकू यांना मनाई. अमेरिकेत त्यापूर्वी बाकावर ठेवून झाडण्याच्या अतिशय जड रायफली प्रचलित होत्या. दहा पौंडांच्या नियमाने त्या वाटेला बांध घातला आणि रायफल माणसाच्या शरीरानेच पेलली पाहिजे हे तत्त्व कायम केले.

नियमांच्या या चौकटीत सुधारणेला सर्वाधिक वाव राहिला तो साइटमध्ये. मागच्या बाजूला दस्त्याच्या मानेवर बसविलेली व्हर्नियर मोजपट्टीची उभी साइट आणि पुढे बारीक छिद्राची, वाऱ्यासाठी डावी-उजवीकडे सरकणारी साइट अशी जोडी रूढ झाली. पुढच्या साइटवर एक लहानशी पाणसळही असे, कारण रायफल किंचित कलली तरी उंच उचललेल्या नळीमुळे गोळी बाजूला जाते. या सूक्ष्मतेची गरज साध्या गणिताने कळेल. दोन साइटमधील अंतर ३६ इंच, म्हणजे एक यार्ड, धरले, तर मागची साइट इंचाच्या शंभराव्या भागाने वर केल्यास हजार यार्डांवर गोळी दहा इंच वर लागते. क्रीडमूरच्या लक्ष्यावरील मधला चौकोन तीन फुटांचा होता. म्हणजे मध्यापासून त्याची कड अठरा इंचांवर. इंचाच्या दोन शतांश भागांची चूक गोळीला त्या चौकोनाबाहेर नेण्यास पुरेशी होती.

मात्र अशी साइट तिच्या मालकाला काही सांगत नाही. सांगितलेले फक्त पाळते. किती अंतराला कोणता आकडा, आडव्या वाऱ्याला किती घर सरकवायचे, थंड सकाळी काय आणि दमट दुपारी काय, हे नेमबाजाने स्वतः नोंदवून ठेवावे लागे. म्हणून नोंदवही हेही या क्रीडेचे एक आवश्यक साधन आहे. ते सर्वांत स्वस्त असून दुकानात तयार मिळत नाही.

क्रीडमूर : आकड्यांची साक्ष

१८७३ मध्ये आयरिश संघाने ब्रिटनमधील मानाची एल्को ढाल जिंकली आणि त्यानंतर अमेरिकन नेमबाजांना आव्हान दिले. न्यूयॉर्कच्या हौशी रायफल क्लबने ते स्वीकारले, तेव्हा हजार यार्डांवरील नेमबाजीचा अमेरिकनांना जवळजवळ अनुभव नव्हता. लाँग आयलंडवरील क्रीडमूरचे मैदानही नवेच होते. रेमिंग्टन व शार्प्स या दोन कारखान्यांनी सामन्यासाठी मागून भरायच्या रायफली खास घडविल्या. आयरिश संघाकडे रिग्बींच्या ठासणीच्या रायफली होत्या आणि खुद्द जॉन रिग्बी संघात होते.

२६ सप्टेंबर १८७४ रोजी सामना झाला. प्रत्येक संघात सहा जण. ८००, ९०० व १००० यार्डांवर प्रत्येकी पंधरा गोळ्या. मधल्या चौकोनाला चार गुण. अमेरिकन संघाचे ९३४ गुण झाले, आयरिश संघाचे ९३१. आयरिश संघाचे जे. के. मिल्नर यांनी ९०० यार्डांवर एक गोळी शेजारच्या लक्ष्यावर मारली होती. ती मधोमध लागली, पण नियमाने शून्य ठरली. तेवढे चार गुण मिळते तर निकाल उलटा लागता. अखेरची गोळी जॉन बोडाइन यांची. थोड्याच वेळापूर्वी बाटली फुटून त्यांच्या हाताला जखम झाली होती. रक्ताळलेल्या हाताने त्यांनी मधला चौकोन साधला.

या सामन्याने मागून भरायच्या रायफलीचे श्रेष्ठत्व सिद्ध झाले असे सर्रास म्हटले जाते. अंतरवार गुण पाहिले तर हे विधान टिकत नाही. ८०० यार्डांवर अमेरिकन ३२६, आयरिश ३१७. ९०० वर ३१० व ३१२. १००० वर २९८ व ३०२. म्हणजे दोन्ही लांबच्या अंतरांवर ठासणीच्या रायफली पुढे होत्या, आणि त्याही एक गोळी वाया गेलेली असताना. नव्या रचनेला भवितव्य होते हे खरे. त्या दिवशीचा निकाल मात्र तिचा पुरावा ठरत नाही.

व्यक्तिगत गुण अधिक बोलके आहेत. अमेरिकन संघात रेमिंग्टन वापरणारे तिघे होते : फुल्टन १७१, बोडाइन १५८, हेपबर्न १४९. शार्प्स वापरणारे तिघे : येल १६२, गिल्डरस्लीव्ह १५५, डाकिन १३९. दोन कारखान्यांतील सरासरीचा फरक माणशी सुमारे सात गुणांचा. एकाच कारखान्याची रायफल वापरणाऱ्या दोघांतील फरक बावीस-तेवीस गुणांपर्यंत. यातील हेपबर्न हे स्वतः रेमिंग्टनच्या रायफलीचे रचनाकार. ती रायफल त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? तरी तिघांत त्यांचेच गुण कमी. आयरिश संघातही रिग्बी १६३ गुणांनी पहिले आले, पण त्यांच्याच रायफली घेतलेल्या सहकाऱ्यांचे गुण १४४ पर्यंत खाली गेले. सहा-सहा जणांच्या एका सामन्यावरून सार्वत्रिक नियम काढणे धाडसाचे होईल. परंतु उत्तम प्रतीच्या साधनांत निवड करायची असेल तेव्हा निवडीपेक्षा निवडणाऱ्याचे महत्त्व अधिक, एवढा निष्कर्ष या आकड्यांतून निश्चित निघतो.

ज्यांना निवड नव्हती

ज्या एन्फिल्डने ब्रिटिश स्वयंसेवकाला दूर पल्ल्याच्या नेमबाजीचे दार उघडले, त्याच एन्फिल्डचे भारतातील नाते सर्वपरिचित आहे. १८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला व सियालकोट येथील केंद्रांवर हिंदी शिपायांना या रायफलीचे शिक्षण देण्यास सुरुवात झाली, आणि चरबी लावलेल्या काडतुसाचा प्रश्न तेथूनच पेटला. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तामुळे 'काडतूस' हा शब्द मराठी वाचकांच्या मनात त्या उठावाशी कायमचा जोडला गेला. विम्बल्डनमध्ये काडतुसाचा विचार अचूकतेच्या अंगाने होत होता. येथे तो धर्म, विश्वास आणि सत्ता यांचा प्रश्न झाला होता.

उठावानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. हिंदी पलटणींसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक काढण्यात आली. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे, पण तिची नळी आतून गुळगुळीत होती. ज्या आट्यांमुळे रायफल दूरवर नेम साधते तेच काढून घेतलेले. शिपायाच्या हाती बंदूक राहिली. दूर पल्ला राहिला नाही. पुढे १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी नागरिकाला शस्त्र बाळगण्यासाठी परवाना आवश्यक झाला आणि युरोपीय व अँग्लो-इंडियन यांना त्यातून सूट मिळाली. भारतातील स्वयंसेवक दलांतही भरणा मुख्यतः त्यांचाच होता. क्रीडमूरच्या सामन्याला त्या वेळी अवघी चार वर्षे झाली होती. जगात ही क्रीडा बाळसे धरीत असताना येथे ती शिकण्याची पहिलीच पायरी, म्हणजे रायफल हाती घेणे, बहुसंख्यांना बंद होती.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादला कर्मभूमी मानणारे आणि पुढे पहिल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले हे मराठीभाषक गृहस्थ संसदीय शिस्तीचे आद्य प्रवर्तक म्हणून ओळखले जातात. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धाही देशात भरत आली आहे. 'शिस्त' या शब्दाचे जुने व नवे असे दोन्ही अर्थ एका व्यक्तीच्या कार्यात एकत्र यावेत, हा योग मनोज्ञ म्हटला पाहिजे.

उपसंहार

या एकवीस वर्षांच्या इतिहासातून नवख्या नेमबाजासाठी साधननिवडीचा एक क्रम सिद्ध होतो. प्रथम अनुज्ञा व मैदान. ती नसतील तर उत्तम रायफलही व्यर्थ, हे भारताच्या इतिहासाने दाखविले. त्यानंतर विश्वासार्ह, आपल्या ऐपतीतील आणि आपल्या शरीराला पेलणारी रायफल. तिचे काम शिकणाऱ्याच्या चुका लपवू न देणे एवढेच. मग एकसारखी गोळी, सूक्ष्म साइट आणि प्रामाणिक नोंदवही. खास रायफलीची पाळी सर्वांत शेवटी, म्हणजे साध्या रायफलीची मर्यादा आपल्या मर्यादेच्या आधी येते अशी खात्री पटल्यावर. विम्बल्डनच्या संयोजकांनी १८६० मध्ये हाच क्रम स्पर्धेच्या रचनेत बसविला होता.

क्रीडमूरला आयरिश संघाने ज्या गोळीने सामना गमावला ती गोळी उत्तम रायफलीतून, अचूक साइटने, लक्ष्याच्या मधोमध बसली होती. लक्ष्य तेवढे दुसऱ्याचे होते. कोणतेही साधन ती चूक टाळू शकले नसते.